टेलरवहिनीच्या बाह्या

—नाही, बसा हो डाएटवाल्या ताई, ती तिकडे झोपलीये, भिंतीपलीकडे काही ऐकू जात नाही. मघाशी तुम्ही टेलरवहिनीला खुर्चीतून उठायला सांगितलंत आणि तिला उठवेना, तेव्हा मी दारातच होते. ऐकत नव्हते, दार उघडंच होतं — बरं, लोटलेलं होतं. अंगात ताकद येईस्तोवर कॅन्सरचा पुढचा डोस नाही म्हणालात ना? आणि मग तिने कबूल केलं, "शेजारीण आणते ते मी बेसिनमध्ये ओतते." मी डाळ आटवायची, अंडं कुस्करायची, तुमची ती पावडर दुधात घुसळायची — आणि ही रिकामा पेला परत देताना म्हणायची, "आज साखर बेताची होती हो." चव सांगायची, ताई, चव.

कुणाचं ऐकून? तिच्या जावेचं, फोनवरून. म्हणे प्रोटीनने गाठ पोसते, तिला उपाशी मारा. आता तुम्हीच तिला समजावलंत की गाठ कसली उपाशी राहतेय, ती अंगातलंच ओरबाडते. खाण्यातून प्रोटीनमधली ती अमिनो आम्लं आली नाहीत तर शरीर आपलेच स्नायू उसवत बसतं. उसवणं हा शब्द माझा, तुमचा जड होता. माझी सातवी, मला कळलं. जन्मभर शिवणारीला कळू नये?

मला कसं दिसलं नाही, असंच बघताय ना? अहो, काटा तोच आकडा दाखवायचा, पाय सुजलेले, त्यात पाणी. आणि कपडे कसे अंगासरसे. का नसतील, दंड झिजला की बाही आत घ्यायची, कडेने टीप मारायची. मशीनचा आवाज भिंतीतून यायचा आणि मी खुळी यांना सांगायची, बघा, वहिनी कामाला लागली. आज उठवायला दंड धरला तर माझी बोटं एकमेकांना टेकली.

रागावू नका म्हणता? मी कोण रागावणार — ना जाऊ, ना नणंद. तिच्या घराची किल्ली तेवढी माझ्याकडे. पण खायची भीती वाटते, हे तिने मला सांगायचं होतं ना. ते जावेला सांगितलं.

नेणार, का नाही नेणार. आता पेला ठेवून परत यायची नाही, शेवटचा घोट उतरेपर्यंत समोर बसेन. बोलणार मात्र नाही. एक अक्षर नाही.

निघा तुम्ही. दूध वर येतंय.