एकशे अडतीस

नाही हो, असं नाही लिहिता येत मला — बसा, बाही वर करा, अजून वर — "बाई, जरा कमी लिहा ना!" किती सहज म्हणालात! बस चालवणारे सगळे हेच म्हणतात. रक्तदाब जास्त निघाला की महिनाभर गाडीवरून उतरवतात, हे काय मला माहीत नाहीये? बारा वर्षं काढलीत मी या खोलीत. हृदयाच्या रक्तवाहिन्या कशाने तुंबतात त्याचा अभ्यास चाललाय इथे, तुमच्या डेपोतल्या चारशे ड्रायव्हरांवर — दाब, साखर, विडीकाडी, वडील कशाने गेले, सगळं कार्डावर. आणि एकशे चाळीसच्या वर गेलं की थेट समोरच्या खोलीत, डॉक्टरांकडे.

पायावर पाय नको. पाच मिनिटं शांत बसायचं असतं — म्हणजे तुम्ही, माझं सोडा.

तुमच्यासारखाच एक होता. याच खुर्चीत. एकशे बासष्ट निघाला. म्हणाला, जिना चढून आलोय, परत बघ. परत बघितलं. एकशे साठ. म्हणाला, लांब पल्ल्याची गाडी कालच हातात आलीय, अकरा वर्षं वाट बघितली गं, आत्ता उतरवू नकोस. मग मी काय केलं? एकशे अडतीस लिहिलं. चाळीस नाही, चाळीस लिहिलं तर संशय येतो — अडतीस कसं, खरं वाटतं. पुढच्या वर्षी परत तेच. तिसऱ्या वर्षी तर त्याने मागितलंही नाही, मीच लिहून टाकलं, गप्पा मारता मारता.

गेला तो. स्टँडवर, गाडी नीट फलाटाला लावून, हँडब्रेक ओढून. सगळे प्रवासी उतरले तरी दादा काही उतरेना —

हो. दादा. सख्खा भाऊ माझा. निघालंच आता तोंडातून.

वहिनी माझा हात हातात घेऊन म्हणते, वन्सं, तुम्ही होतात म्हणून दर वर्षी तपासणी तरी व्हायची त्यांची. आणि इथे — इथे तर त्याहून वाईट. मोठ्या डॉक्टरांनी मीटिंगमध्ये त्याचं कार्ड पडद्यावर लावलं. नाव झाकलेलं, पण अक्षर माझंच ना! म्हणाले, बघा, दाब बरा, साखर बरी, विडी नाही, तरी माणूस गेला, म्हणजे कारण दुसरंच काहीतरी असणार. तेव्हापासून इथल्या दोन संशोधक मुली ते कारण शोधतायत. आठ महिने! त्याच्या रक्ताच्या जपून ठेवलेल्या जुन्या बाटल्या काढून पुन्हा पुन्हा तपासतायत, डोळे लाल होईपर्यंत. परवा मला विचारलं, ताई, तुम्हाला काही आठवतंय का हो या माणसाचं? नाही म्हटलं मी. माझ्या दादाबद्दल, नाही म्हटलं.

झाली पाच मिनिटं. पट्टा बांधते. हात सैल सोडा. आता एक अक्षर बोलायचं नाही — मीही नाही.

…

एकशे चौपन्न. लिहिलं, बघा, तुमच्यासमोर लिहिलं. रागावलात? रागवा, खुशाल रागवा. हे घ्या कार्ड, समोरचं दार. आणि जाताना त्या दोघी मुली दिसतील, खिडकीपाशी, शेवटच्या टेबलावर — त्यांना म्हणावं, ताईंनी बोलावलंय. आठवलंय म्हणावं. जा.