थोरल्या जाऊबाईंचे किब्बे आणि सासूबाईंचा निकाल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या ऐन अल-जौझ गावाचे नगरप्रमुख माननीय मिलहिमसाहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी रोझीनवहिनी, आपल्या चर्चचे धर्मगुरू अबूना मिखाईल, महिला मंडळाच्या कार्यवाह ओडेटबाई, आणि समोर जमलेल्या गावकरी बंधुभगिनींनो! म्हणजे भाषणं ऐकायला आलेले दोघं-तिघं, आणि मागच्या टेबलावरची झाकणं कधी उघडतात याची वाट बघणारे उरलेले सगळे. सर्वांना माझा नमस्कार.

आज आमच्या थोरल्या जाऊबाई अदला यांना आपण निरोप देतो आहोत. परवा त्या लेकीकडे, कॅनडात हॅलिफॅक्सला, कायमच्या निघणार आहेत. ओडेटबाई म्हणाल्या, "नझीहा, तूच बोल. अदलाला तुझ्याइतकं जवळून कोण ओळखतं?" खरं आहे. मांजराइतकं उंदराला कोण ओळखतं? यातलं मांजर कोण, ते मात्र सभेनं ठरवावं.

एकतीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो. खाली उजवीकडे तिचं स्वयंपाकघर, डावीकडे माझं, आणि बावीस पायऱ्या चढून वर आमच्या सासूबाई, उम्म नसीफ. त्यांना या सभागृहात कोण ओळखत नाही? पंधरा ऑगस्टला, मरियमेच्या सणाला, चर्चच्या अंगणात किब्ब्यांची स्पर्धा होते. तिच्या त्या परीक्षक. वीस वर्षं त्यांनी प्रत्येकीच्या ताटातला एकेक घास घेतला, डोळे मिटले, आणि निकाल दिला. त्या निकालावर कुणी ब्र काढला नाही. ती प्रशस्तिपत्रं आजही तुमच्या दिवाणखान्यात काचेत आहेत. लग्नाचे फोटो खाली, प्रशस्तिपत्रं वर. योग्यच आहे.

आम्हा सुनांना स्पर्धेत भाग घ्यायला बंदी होती. आमची स्पर्धा दर रविवारी, घरातल्या घरात. किब्ब्यांसाठी मांस दगडी उखळात कुटायचं, भिजवलेला दलिया मळून त्यात एकजीव करायचा, ताटात थापायचं, मध्ये कांदा-चिलगोज्यांचं सारण, वरून शंकरपाळ्यांसारख्या रेघा, आणि भट्टीत. मग दोघींनी आपापलं ताट घेऊन बावीस पायऱ्या चढायच्या आणि विचारायचं, "कसे झालेत?"

अदला दक्षिणेकडची. ती किब्ब्यांत मरवा घालते. मरवा! आमच्या डोंगरात मरवा चहात घालतात, पोट बिघडलं तर. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी मी म्हटलं, "जाऊबाई, कुणाचं पोट बिघडलंय का?" ती म्हणाली, "अजून नाही. तुझे किब्बे अजून वाढायचेत." त्यानंतर आमच्यात जे प्रेम जुळलं, ते तुम्ही सगळ्यांनी भिंतीपलीकडून ऐकलंच आहे. मी शपथ घेतली, या बाईच्या हातचे किब्बे जिभेला लावणार नाही. तिनंही तीच घेतली. इतर बाबतींत आमचं कधी एकमत झालं नाही.

सासूबाईंचा न्याय मात्र चोख. एका रविवारी, "आज अदलाचा हात बसला." पुढच्या रविवारी, "आज नझीहाचा." जिचा नंबर लागे ती आठवडाभर जिन्यात गाणं म्हणत फिरे. आमचे दोघींचे आवाज कसे आहेत, हे अबूनांना ठाऊक आहे. चर्चच्या गायनमंडळात त्यांनी आम्हाला घेतलं नाही, ते उगीच नाही.

आता, सभेची क्षमा मागून, एक गोष्ट सांगते. सासूबाईंनी ती मला दार लावून सांगितली होती. त्या गेल्यावरही दार लावून ठेवायचं का, ते सांगितलं नाही. अबूनांना विचारलं, तर म्हणाले, "गेलेल्यांबद्दल चांगलं बोलावं." मी चांगलंच बोलते आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. अदला बैरूतला डोळ्याच्या ऑपरेशनला गेली होती. रविवारी प्रतिस्पर्धी नसल्यामुळे मी निश्चिंत, आणि त्या नादात मिठाच्या बरणीऐवजी साखरेच्या बरणीत हात घातला. मूठभर. सासूबाईंनी दोन काप खाल्ले, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "वा! आज मीठ अगदी नेमकं पडलंय." मी फुलून खाली आले. माझ्या नवऱ्यानं, तौफीकनं, पहिला घास घेतला आणि तो घास खिडकीतून थेट अंजिराच्या झाडावर गेला.

मला वाटलं, म्हातारीनं टोमणा मारला. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लिंबाशिवाय तब्बूलेचं सॅलड केलं. "छान आंबट झालंय." तिसऱ्या दिवशी सूप म्हणून नुसतं गरम पाणी नेलं. त्यांनी मिटक्या मारल्या.

मी वाटी खाली ठेवली. "सासूबाई, तुम्हाला चव कळत नाही?"

त्या म्हणाल्या, "दार लाव."

ज्या हिवाळ्यात बर्फ खिडकीपर्यंत आलं होतं, त्या हिवाळ्यात त्यांना ताप आला. तो उतरला आणि जाताना जिभेची चव, नाकाचा वास, दोन्ही घेऊन गेला. त्याला बारा वर्षं झाली होती. बारा वर्षं!

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"चव गेलेल्या म्हातारीला काय ग, ताट सरकवायचं आणि निघून जायचं. तुम्ही दोघी बावीस पायऱ्या चढून येता आणि 'कसे झालेत' म्हणून माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहता. या घरात मला दुसरं काही विचारतं का कुणी?"

मी त्यांच्याजवळ बसले. अध्यक्षसाहेब, सासूबाईंजवळ मी नुसती बसले, असा तो पहिलाच प्रसंग.

मग मी विचारलं, "आणि स्पर्धेचे निकाल?"

"ते सोपं आहे. जिच्या घरी तिच्या हातचं कुणी चांगलं म्हणत नाही, तिला पहिला नंबर. बाई घास पुढे करते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर कळतं."

शांत व्हा, शांत व्हा. ओडेटबाई, बसा. प्रशस्तिपत्रं कुणी परत मागत नाही. मी फक्त एवढीच नोंद करते, की रोझीनवहिनींना पहिला नंबर तीनदा मिळाला आहे. सलग. नगरप्रमुखांनी यावर घरी गेल्यावर सवडीनं विचार करावा. आत्ता नको, आत्ता ते घामाघूम झालेले दिसतात.

तर सासूबाईंनी मला मरियमेची शपथ घातली, अदलाला सांगायचं नाही. मी ती अत्यंत आनंदानं पाळली. खोटं कशाला बोलू? दर रविवारी जाऊबाई घामाघूम होऊन मांस कुटायच्या, मरवा निवडायच्या, आणि मी मनात म्हणायचे, कुट बाई, कुट, ज्या जिभेसाठी कुटतेस तिला भुसा आणि मरवा एकच. दोन वर्षं हे सुख मी एकटीनं भोगलं.

गेल्या हिवाळ्यात सासूबाई गेल्या. चाळीसाव्या दिवसाची प्रार्थना झाली. त्यानंतरच्या रविवारी काय झालं ते ऐका. मी माझ्या स्वयंपाकघरातून ताट घेऊन बाहेर आले, अदला तिच्या. दोघी सवयीनं पायऱ्या चढू लागलो. चार पायऱ्या झाल्या आणि दोघींचेही पाय थांबले. वर कुणी नव्हतं. आम्ही तिथेच, पायरीवर बसलो.

मला राहवलं नाही. म्हटलं, "जाऊबाई, एक सांगू? सासूबाईंना चव कळत नव्हती."

तिनं मान हलवली. "माहितीये. अकरा वर्षं."

"काय?"

"एकदा वर गेले तर गॅसची नळी सुटलेली. खोलीभर वास, आणि म्हातारी आपली खिडकी लावून विणत बसलेली. तेव्हाच कळलं."

आता ऐका. ही बाई अकरा वर्षं रोज सकाळी, कुणी उठायच्या आत वर जायची. मी तौफीकला म्हणायचे, "निघाली बघ तुझी वहिनी, सासूला लोणी लावायला." ती सिलिंडरचा कॉक तपासायला जात होती. रोज. बर्फात, गुडघे सुजलेले असताना, तिचे यजमान, नसीफभाऊजी, वारले त्या आठवड्यातसुद्धा.

मी विचारलं, "आणि मला का नाही सांगितलंस?"

"तू वर येणं बंद केलं असतंस म्हणून."

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण ती खरं बोलत होती.

"पण मग सासूबाईंना काही कळत नाही हे माहीत असून दर रविवारी मरवा कशाला निवडत बसायचीस?"

"मला आवडतो म्हणून."

मग तिनं माझ्या ताटातला काप उचलला. मी तिच्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. तिनं खाल्लं आणि म्हणाली, "दालचिनी जास्त आहे." मी खाल्लं आणि काहीच बोलले नाही. त्या दिवशी बोलले नाही, नंतर आठ महिने आम्ही रोज एकत्र जेवलो तेव्हाही बोलले नाही. आज साऱ्या गावासमोर सांगते, कारण तिचं तिकीट निघालेलं आहे आणि ते परत होत नाही म्हणे.

अदला, तुझे किब्बे माझ्यापेक्षा चांगले होतात. पहिल्या घासालाच कळलं होतं.

रडू नकोस. रडायचं असेल तर हॅलिफॅक्सला जाऊन रड, इथे मला अजून आभार मानायचेत.

नगरप्रमुखांनी सभागृह दिलं, महिला मंडळानं ताटं लावली, अबूनांनी वेळ दिला, आणि आपण सर्वांनी पोटात कावळे ओरडत असताना एवढं ऐकून घेतलं, याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाच्या मनाला टोचलं असेल, तर त्यांनी मोठ्या मनानं पोटात घालावं. मागच्या टेबलावर दोन ताटं आहेत. मरव्याचं कुठलं ते विचारू नका. दोन्हीही मरव्याचीच आहेत.