गोऱ्या सोल्जरची रेकॉर्ड

त्रेपन्न साली ठाण्याला कानाच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी एक वयस्क जोडपं बसलं होतं. नवऱ्याला नीट ऐकू येत नसल्याने बाई मोठ्याने बोलत होत्या.

“सुमती, ती जॅझची रेकॉर्ड आता कुणाला तरी देऊन टाक.”

“कल्याणच्या कॅम्पातल्या गोऱ्या सोल्जरने लढाईच्या वेळी दिलेली?”

“तीच. त्यातलं व्हायोलिनच ऐकू येत नाही, तर ठेवायची कशाला?”

“मी ऐकीन.”

“तू? मांजर रडतंय म्हणायचीस.”

“म्हणायचे खरी. पण ते ऐकताना तुमची मान डोलायची, ती बघायला चुलीपुढून उठून यायचे.”

“कधी दिसली नाहीस.”

“दाराआड असायचे. सासूबाई होत्या ना.”

“आता कसली मान डोलते!”

“रोज लावू. व्हायोलिन सुरू झालं, की मी तुमचा हात दाबीन. पुढचं तुम्हाला पाठच आहे.”