शेठचा नमस्कार

(निफाड तालुक्यातलं एक गाव, ऑक्टोबरची सकाळ. द्राक्षबागेच्या बांधावर चहा चालू आहे. पुंजा ढोमसे, त्याची बायको चंद्रभागा, आणि नाशिकच्या एका दैनिकात उद्योगधंद्यांच्या आतल्या बातम्या खणून काढणारी त्यांची मुलगी योगिनी.)

पुंजा : आन मंग तू काय इचारलं त्याला? परत सांग. तुझ्या आईला ऐकू दे.

योगिनी : अण्णा, नको ना. ऑफिसात आधीच सगळ्यांचं हसून झालंय.

चंद्रभागा : सांग की. मघाधरनं हे गालातल्या गालात हसत्यात. मला वाटलं ऊन लागलं का काय.

योगिनी : अगं, मणिवेल एक्स्पोर्टमधून एका माणसाचा फोन आला. "ताई, दिवाळीनंतर आमच्याकडं मोठी छाटणी हाय. दीडशे." मी म्हटलं, दिवाळीनंतर? उशीर नाही का होणार? थंडीत छाटल्यावर वेलींचे डोळे फुटणार कधी?

चंद्रभागा : बराबरच इचारलं.

योगिनी : मी आपली पुढं विचारतेय, छाटलेल्या काड्यांना पेस्ट लावायला माणसं मिळाली का?

पुंजा : तिकडं माणसं काढायला निघालेत, आन ही इचारती लावायला मिळाली का!

चंद्रभागा : काढायला म्हंजी?

योगिनी : आई, माणसांची छाटणी. कामावरून कमी करणं. कारखान्यात तोच शब्द आहे. धंद्याच्या बातम्या लिहिणाऱ्याला छाटणी म्हटलं की आधी तेच सुचायला हवं, आणि मला सुचली बाग! मी टिपून घेतलं, "मणिवेल, दीडशे एकर, उशिराची छाटणी." बातमीही लिहायला घेतली, की कंपनीनं स्वतःच्या बागा वाढवल्यात, भरभराट चाललीय.

पुंजा : साऱ्या नाशकात आशी चूक दुसऱ्या कोणाला जमायची नाय. आपलीच पोरगी शोभती.

चंद्रभागा : छापली का काय मंग?

योगिनी : नाही गं. माझा एक नेम आहे. फोनवर ऐकलेलं दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला परत वाचून दाखवायचं. दाखवलं. तर म्हणाला, "ताई, एकर नाय. बाया."

चंद्रभागा : बाया?

योगिनी : पॅकहाउसमधल्या, द्राक्षं पेट्यांत भरणाऱ्या. दीडशे जणी.

पुंजा : हे नाय सांगितलं तू मघाशी.

योगिनी : तुम्ही एवढे हसत होता, मला पुढचं सांगवेना.

चंद्रभागा : आपली भिमाबाई हाय तिथं. सखुबाईची सून हाय. खालच्या आळीतल्या निम्म्या जणी तिथंच जात्यात. त्यांच्यातल्या कोण कोण?

योगिनी : नावं माझ्याकडं नाहीत.

चंद्रभागा : भिमाबाईला ठाव हाय?

योगिनी : नाही. आणि उद्या सकाळी पेपर येईपर्यंत तूही सांगायचं नाहीस.

चंद्रभागा : रोज सांजच्याला ती माझ्या वट्ट्यावर येऊन बसती गं.

योगिनी : म्हणूनच सांगतेय. आज एका दिवसाचा प्रश्न आहे, आई. आज गावात फुटलं तर मणिवेलचा शेठ उद्या म्हणेल, असं काही ठरलंच नव्हतं, पेपरवाल्यांनी बायांना भडकावलं.

चंद्रभागा : मंग आज डोकं दुखतंय म्हणून घरात पडून राहते. तिच्या तोंडाकडं बघून मला खोटं बोलायला नाय जमायचं.

पुंजा : मला एक सांग. फोन कोणाचा? सहादूचा रवी आसंल. तो तिथं वजनकाट्यावर हाय.

योगिनी : मी काही बोलत नाही.

पुंजा : मंग तो वणीचा सुपरवायझर.

योगिनी : मी काही बोलत नाही.

पुंजा : बरं, मी नामपूरच्या माझ्या साडूचं नाव घेतलं तर? तो तर आयुष्यात तिथं गेला नाय.

योगिनी : तरी मी काही बोलत नाही. एकाला "नाही" म्हटलं की दुसऱ्या वेळी गप्प राहणं म्हणजे "हो" होतं, अण्णा.

पुंजा : पर तो गडी हाय, येवढं कळलं. "म्हणाला" म्हणलीस तू.

योगिनी : "माणूस" म्हटलं होतं मी. बाई असली तरी मी माणूसच म्हणते, म्हणजे पुढं "म्हणाला"च येतं. आपल्या भाषेत क्रियापदच चुगली करतं. इंग्रजी पेपरवाल्यांना हा ताप नाही.

पुंजा : आईशप्पथ! लय बेरकी झाली तू.

चंद्रभागा : पर बाया काढायच्या काह्याला? दर साली ट्रॉल्यांची रांग आसती त्यांच्या दारात.

योगिनी : कंपनी विकायला काढलीय. परदेशातली एक मोठी कंपनी घेणार आहे. घेणाऱ्यानं हिशेब बघितला की पगाराचा आकडा लहान दिसावा, म्हणून जुन्या बाया आधीच कमी करायच्या. नंतर त्याच बाया ठेकेदाराकडून रोजंदारीवर घ्यायच्या. आणि गेल्या महिन्यात जाहीर काय केलं? "आम्ही गावातल्या महिलांना रोजगार वाढवून देतोय." बँकवाल्यांपुढं भाषण झालं, टाळ्या झाल्या. मीच छापलं होतं ते भाषण.

पुंजा : एका माणसाच्या फोनवर येवढं लिहिणार तू?

योगिनी : एकाच्या नाही. पावसाळा सगळा यातच गेला माझा. ठेकेदार बोलला, कंपनी घेणाऱ्यांचा मुंबईतला सल्लागार बोलला. दोघांनाही एकमेकांचं माहीत नाही. जुळलं तेव्हाच आशाताईंना दाखवलं. आशाताई म्हणजे आमच्या संपादक. मग निवृत्तीशेठना लेखी प्रश्न पाठवले. त्यांची बाजू घेतल्याशिवाय छापायचं नसतं.

पुंजा : शेठला डायरेक्ट इचारलं?

योगिनी : मग काय करणार? परवा त्यांचा स्वतःचा फोन आला. म्हणाले, छाटणी हा शब्द चुकीचा आहे, ही पुनर्रचना आहे. बरं, म्हटलं, तुमचा शब्दही छापते. मग म्हणाले, "पोरी, तुझ्या लग्नात मी पंगतीला वाढलंय." म्हटलं, आठवतंय काका, जिलेबी तुम्हीच वाढत होता. तर हसले. आणि फोन ठेवताना म्हणाले, "अण्णांना माझा नमस्कार सांग."

पुंजा : ...नमस्कार सांग म्हणले?

योगिनी : हो.

पुंजा : आन कसं म्हणले? गोड का कोरडं?

योगिनी : गोड. खूपच गोड.

पुंजा : मंग कळलं मला.

चंद्रभागा : काय कळलं?

पुंजा : औंदा आपला माल घेत नाय तो. घेतला तरी निम्मा नापास करंल. साखर कमी हाय, मणी बारीक हाय. नापास करायला काय कारण लागतं व्हय?

योगिनी : म्हणून तर आलेय मी. परवा रात्रभर डोळा लागला नाही. काल सकाळी आशाताईंना सांगून टाकलं, की माझ्या वडिलांचा माल मणिवेलला जातो. हे मी पावसाळ्याच्या सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. त्या तापल्या, मग शांत झाल्या. म्हणाल्या, दोन रस्ते आहेत. एक, सगळं संतोषला दे. तो परत सगळ्यांना फोन करेल आणि त्याच्या नावानं छापेल. दुसरा, बातमी तुझ्याच नावानं जाईल, पण खाली एक ओळ टाकायची, की या वार्ताहराचे वडील याच कंपनीला द्राक्षं देतात. तुमच्या नावासकट. आणि त्याला तुमची हरकत नसली पाहिजे. संध्याकाळी पेपरचं पान लागायच्या आत सांगायचंय.

पुंजा : संतोष म्हंजी तो दाढीवाला? आला होता एकदा हुरडा खायला?

योगिनी : तोच.

पुंजा : पोरगं बरं वाटलं. त्याला दे ना मंग. बातमी तीच राहती. बायांचं काम व्हतं, आपलं बी व्हतं.

योगिनी : ...देईन. तुम्ही म्हणालात तर देईन.

पुंजा : मंग दे.

योगिनी : बरं.

चंद्रभागा : तोंड बघा पोरीचं.

पुंजा : तोंड काय बघायचं? मला का कळत नाय? लेकराच्या हातचं आयतं पीक दुसऱ्याच्या खळ्यात टाकायला लावतोय मी. पर मी इथं राहतो. वर्षाची बाग हाय. उद्या शेठनं हात वर केला तर काय पेपर गुंडाळून ठेवू घडांना?

योगिनी : मी रागावले नाही, अण्णा. खरंच. फक्त एक सांगते. संतोषनं लिहिलं तरी शेठला कळायचं ते कळणारच आहे. प्रश्न मी विचारलेत. माझं नाव काढल्यानं शेठपासून काहीच लपत नाही. लपतं ते वाचणाऱ्यापासून.

पुंजा : हं.

योगिनी : पण नमस्कार तुम्हाला आलाय. म्हणून ठरवायचं तुम्हीच.

चंद्रभागा : थांब. नमस्कार कोणाला आला म्हणली?

योगिनी : अण्णांना.

चंद्रभागा : यांना काह्याला?

योगिनी : अगं, माल जातो ना आपला.

चंद्रभागा : आपला जातो. पर बाग कोणाच्या नावावर हाय?

योगिनी : कोणाच्या म्हणजे? अण्णांच्या.

चंद्रभागा : हात्तिच्या! अवो, सांगा हिला.

पुंजा : ...वाटण्या झाल्या तवा हा तुकडा तुझ्या आईच्या नावावर केला. तू होस्टेलात होती.

चंद्रभागा : मणिवेलच्या करारावर सही कोणाची? माझी. बाग तपासायला ती कंपनीची पोरं येत्यात, ती कोणाला हाका मारत्यात? चंद्रभागाताई, चंद्रभागाताई. औषध कधी मारलं ते कोण सांगतं त्यांना? सारं जग खोदून आली, आन घरचा सातबारा नाय बघितला पोरीनं!

योगिनी : आई गं! म्हणजे मी उद्या चुकीचं छापणार होते. तेही चूक कबूल करायच्या ओळीत.

पुंजा : परत वाचून दाखवायचा नेम हाय ना तुझा? तो घरी बी लावत जा.

योगिनी : हसा. हसा तुम्ही. आशाताईंना कळलं तर मला भिंतीकडं तोंड करून उभं करतील.

चंद्रभागा : आन तो शेठ! माझ्या सहीवर माल घेतो, आन धमकी यांच्या नावानं धाडतो. मला आली आसती तर मी लगेच उलटा नमस्कार धाडला आसता.

पुंजा : आता भांडण नमस्काराचं हाय का मालाचं?

चंद्रभागा : दोन्हीचं. तुमी म्हणता, हात वर केला तर काय करायचं. लोकल बाजाराला विकायचं. त्यांच्या आधी विकतच होतो ना? भाव उतरंल, उतरू द्या. मी उद्या भिमाबाईला वट्ट्यावर बसवून च्या देणार, आन मनात म्हणणार का, बाई, तुझी बातमी माझ्या पोरीनं काढली पर आमच्या घडांसाठी दुसऱ्याच्या नावावर टाकली? मला नाय जमायचं ते.

पुंजा : मी काय, तिचं वाईट चिंतलं?

चंद्रभागा : नाय वो. तुमी भ्याला. मी बी भ्याले. पर सही माझी हाय, तर भ्यायचं का नाय ते मीच ठरवणार.

पुंजा : ...मंग मी आडवा येत नाय. बाग तुझी, पोरगी तुझी.

चंद्रभागा : पोरगी दोघांची. रुसू नका.

योगिनी : आई, नीट विचार कर. संध्याकाळपर्यंत वेळ आहे.

चंद्रभागा : संध्याकाळी भिमाबाई येती. त्याच्या आधीच व्हऊ दे. तुझ्या साहेबबाईला फोन लाव, आन ती ओळ मला इथं लिहून दाखव.

योगिनी : फोन करते. आधी ओळ ऐक. "ही बातमी लिहिणाऱ्या वार्ताहराच्या आई, चंद्रभागा पुंजा ढोमसे, मणिवेल एक्स्पोर्टला द्राक्षे देतात."

चंद्रभागा : नुसतं आई? "द्राक्ष बागायतदार" लिही.

योगिनी : "...वार्ताहराच्या आई, द्राक्ष बागायतदार चंद्रभागा पुंजा ढोमसे..."

पुंजा : आन माझं नाव?

चंद्रभागा : मधी हाय की तुमचं. बघा, माझ्या आन आडनावाच्या बराबर मधी बसलेत.

पुंजा : ह्याला बसणं म्हणत्यात व्हय? आंग चोरून उभं राहणं म्हणत्यात.

योगिनी : अण्णा, खरं सांगा. मन दुखलं का तुमचं?

पुंजा : दुखलं नाय. जरा धडधडतंय येवढंच. तू शाळेत भाषण करायची तवा बी धडधडायचं.

चंद्रभागा : योगे, ते शेवटचं परत वाच.

योगिनी : "मणिवेल एक्स्पोर्टला द्राक्षे देतात."

चंद्रभागा : "देतात" का "देत होत्या"? औंदा घेतलीच नाय त्यानं, तर तुझी ओळ खोटी पडंल.

योगिनी : आज खरं आहे तेवढंच मी लिहू शकते, आई. आज देतेस ना?

चंद्रभागा : आज तर देते.

योगिनी : मग "देतात".

चंद्रभागा : राहू दे मंग. खोटं पाडायचं का नाय, ते शेठला ठरवू दे.