नळीच्या तोंडाला हळदकुंकू

आम्ही शिरूरचे, म्हंजी जुनी माणसं ज्याला घोडनदी म्हणतात तिथले, आन् आमच्या घरात डिझेलचा वास आधी यायचा आन् भाकरीचा मागून, कारण आमचे आप्पा मार्केट यार्डातल्या एका शेठच्या ट्रकवर ड्रायव्हर व्हते. कांदा भरायचा आन् निघायचं. पण निघायच्या आधी आप्पा टॉमी घ्यायचे, चाक खोलायचा तो लोखंडी दांडा, आन् गाडीभोवती फेरी मारत एकेका टायरवर हाणायचे, कान देऊन ऐकायचे. आवाज टणक आला तर गाडी निघणार, बदबद आला तर शेठ येऊन उभा राहिला तरी न्हाई. बबनमामा म्हंजी त्यांचा क्लीनर, सख्खा मामा न्हाई पण सख्ख्याहून जास्त बोलणारा, तो वर बसून वरडायचा, वो ड्रायव्हरसाहेब, टायरची तब्येत विचारून झाली असंल तर चला, कांद्याला कोंब फुटाया लागले.

आता अशा माणसाचा पोरगा विमान उडवतो, उडवतो तर उडवतो, दुसऱ्यांना शिकवतो, ही गोष्ट आमच्या आळीला आजपण पुरती पटलेली न्हाई. त्यांचं पण बरोबर हाय. मी बुटका, पोट सुटलेलं, पुढचं दिसावं म्हणून सीटवर उशी घेऊन बसतो. गणितात डोकं चाललं, शिष्यवृत्ती मिळाली, मास्तर चांगले भेटले, आन् नव्वदच्या पुढं मी दौंडच्या बाजूला, उसाच्या आन् बाभळींच्या मधी एक लहान धावपट्टी आन् विमान शिकवायची शाळा व्हती, तिथं आधी शिकायला लागलो, मग शिकवायला. दोन माणसांचं विमान. तुमच्या दारातल्या मोटारीपेक्षा हलकं, वाऱ्यात उभं केलं तर दोरीनं बांधून ठेवावं लागतं, शेळीसारखं.

मला शिकवणारे कॅप्टनसाहेब म्हंजी फौजेतून आलेले, मिशा पांढऱ्या. पहिल्याच दिवशी म्हणले, विमान बघून ये. मी एक चक्कर मारून आलो. बघितलंस? व्हय सर. काय बघितलंस? विमान, सर. म्हणले, विमान तर त्या बांधावरच्या गाढवाला पण दिसतंय, तुला जास्त काय दिसलं ते सांग. तवापासून हात लावून बघायची सवय लागली. पुढं गरगर फिरतो त्या पंख्याच्या कडेवरनं बोट फिरवायचं, तेल बघायचं, टाकीत काडी घालून पेट्रोल बघायचं, खालून थोडं काढून त्यात पाणी आलं का ते बघायचं, पंखाचे बिजागर हलवून बघायचे. कुणी हाक मारली, कुणी चहा आणला, बघणं मधीच तुटलं, की पुन्हा पहिल्यापासनं. ही सवय इतकी मुरली की माझ्या लग्नात घोडीवर बसायच्या आधी मी घोडीभोवती फेरी मारली आन् तिचा पट्टा ओढून बघितला. बायको अजून म्हणती, मला बघायला आले तवा पण हे असेच माझ्याभोवती फिरले व्हते. तेवढं खोटं हाय.

तर आप्पांची एकच इच्छा. गाडी बंद करून घरी बसले तवापासनं म्हणायचे, एकदा तुझ्या शेजारी बसून शिरूर बघायचंय, ज्या रस्त्यानं जलम गेला तो वरनं कसा दिसतो ते बघायचंय. आमच्या शाळेचे मोठे साहेब काय सहजासहजी हो म्हणणारे नव्हते. महिने गेले. शेवटी म्हणले, खंडेनवमीला शिकणारी पोरं सुट्टीवर असतात, त्या दिवशी ने, एक चक्कर, पुन्हा मागू नको. आप्पांनी सगळ्या यार्डात सांगून टाकलं. आन् त्या दिवशी टेंपो भरून माणसं आली, जुने ड्रायव्हर, हमाल, आमची आई, आन् पुढं बबनमामा, डोक्याला फेटा, जसा काय उडणार तोच हाय.

मी आत हवामान विचारायला गेलो. बाहेर येऊन बघतो तर विमानाचा पोळ्याचा बैल झालेला. पंख्याला झेंडूचा हार, शेपटीला आंब्याचा डहाळा, तिन्ही चाकांखाली लिंबं, आन् बबनमामा नारळ उगारून पंख्यापुढं उभा. मी असा वरडलो की नारळ त्याच्या हातातनं निसटून त्याच्याच पायावर पडला. पण मनातनं मला बरं वाटलं व्हतं, खोटं कशाला बोलू. खंडेनवमीला हत्यार पुजायचं, गाडी पुजायची, हे आप्पांनी हयातभर केलं, आन् आज लेकाचं हत्यार पुजलं. आई डोळे पुसत व्हती.

मग मी हार काढले, लिंबं काढली आन् फेरी सुरू केली. मागनं बबनमामा सुरू. बाप तसा लेक, आता हा विमानाला टॉमी मारतोय का बघा. सगळी हसली, मी पण हसलो. इंजिनात हवा जायच्या भोकात झेंडूच्या पाकळ्या निघाल्या, त्या वेचल्या. आन् डाव्या पंखाखाली आलो तवा हसू तिथंच राह्यलं.

तिथं एक बारकी नळी असती, पुढं तोंड करून. वारा तिच्यात शिरतो आन् त्याच्यावरनं आतला काटा सांगतो की आपण किती वेगात चाललोय. त्या नळीचं तोंड पिवळंलाल झालेलं. हळदकुंकवाचा लगदा, त्यात तांदूळ, आन् बोटानं आत दाबलेला. आप्पा म्हणले, सगळ्या अंगाला लावलं, ह्याचं इवलंसं नाक दिसलं, म्हणलं त्याला कशाला उपाशी ठेवायचं.

बबनमामानं लगेच काडी पुढं केली. कोर आन् चल. माझा हात पण पुढं झाला, काय सांगू तुम्हाला, काडी घेतलीच व्हती मी. वरनं साफ दिसलं असतं. पण आत किती गेलंय ते कळणार न्हाई, काडीनं आणखी आत जाणार, फुंकर मारावी तर आतला काटाच बिघडणार. ती नळी खोलायचं काम इंजिनिअरचं, आन् तो सणाला पुण्याला घरी गेलेला. मी काडी परत दिली. म्हणलं, आप्पा, आज न्हाई जाता यायचं.

आप्पांना वाटलं मी चेष्टा करतोय. मग चेहरा बदलला. म्हणले, काट्यासाठी? अरे, शेठच्या ट्रकचा काटा माझ्या हयातीत हलला न्हाई, माझा कांदा कधी पोचला न्हाई का? सगळे ड्रायव्हर माना हलवाया लागले. आई म्हणली, एवढी माणसं आलीत रे, बापाची शोभा करू नको. मोठे साहेब लांबनं घड्याळ बघत उभे. मी म्हणलं, आप्पा, तुमची गाडी हळू झाली तर थांबती. माझी हळू झाली तर पडती.

बबनमामा पुटपुटला, चला रे, ह्याला उडवताच येत न्हाई, आपल्याला उगाच खरं वाटलं व्हतं. आन् आप्पा टेंपोत जाऊन बसले, पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी, माझ्याकडं पाठ करून. मी विमान दोरीनं बांधलं. एकटाच व्हतो, पण गाठ नीट मारली.

दिवाळी गेली, आप्पा माझ्याशी कामापुरतं बोलायचे. मी पण माफी मागितली न्हाई, कशाची मागू? मग संक्रांतीच्या सुमाराला जेवताना एकदम म्हणले, त्या नळीतनं काय निघालं? मी म्हणलं, पार आतपर्यंत तांदूळ निघाले आप्पा. त्यांनी भाकरीचा तुकडा तसाच धरून ठेवला. म्हणले, म्हंजी आवाज बदबदच व्हता.

कॅप्टनसाहेबांनी रदबदली केली म्हणून पुन्हा एकदा परवानगी मिळाली. ह्या वेळी टेंपो न्हाई, हार न्हाई, आप्पा एकटे एसटीनं आले, वाटेत गाडी थांबली तिथं उतरून मला भजी घेतलेली. आन् काय केलं असंल? हात मागं बांधून माझ्या मागनं फेरी मारली, प्रत्येक ठिकाणी थांबून, हे काय, ते काय. नळीपाशी तर वाकून आत बघितलं, आन् लांबनंच नमस्कार केला.

उडालो. भीमा दिसली, उसाचे पट्टे दिसले, मग पुणे-नगर रस्ता, त्याच्यावर मुंगीएवढे ट्रक, घोडनदीचं वळण, यार्डाचे पत्रे. मी वरडून दाखवत व्हतो, आप्पा, ते बघा, आपलं शिरूर! आप्पा हूं म्हणायचे. खाली उतरल्यावर विचारलं, कसं दिसलं? म्हणले, मला काय माहीत, मी सगळा वेळ त्या काट्याकडं बघत व्हतो, हलतोय का न्हाई.

आता आप्पांना ऐकू कमी येतं, ओट्यावर बसलेले असतात. घरातनं कुणीपण निघालं, नात स्कूटी घेऊन निघाली तरी सावकाश जा म्हणत न्हाईत, फेरी मारली का म्हणून विचारतात. लोक हसतात. हसू द्या. मी पण आता केस पांढरे झाल्यावर अजून तेच करतो, आन् आमचं बरं चाललंय. तुम्ही निघालात का? सुखरूप जावा. थांबा, चप्पल घालतो, तुमच्या मोटारसायकलीपाशी येतो. बघा, मागच्या चाकात हवा कमी हाय.