बूट इथेच काढा

— नाही गं, नर्सला विचारून काय होणार? सोल्वेग गोड बोलते, तिला दुखवायला जमत नाही कुणाला. मला विचार. एकोणीस वर्षं या आरोग्यकेंद्राची फरशी पुसतेय मी, मारिता म्हणतात मला. कॉफी घे, निवतेय. आणि तो कागद पालथा घालून ठेवू नकोस, वाचलाय मी. शाळा नववीला सोडली म्हणून काय वाचता येत नाही? ‘तरुणांच्या सल्ला विभागाला प्रतिसाद नाही, गरज उरलेली नाही’ — आणि मार्चपासून टाळं. गरज उरलेली नाही म्हणे! अगं, सकाळी मी शाळेचे संडासही पुसते, ये एकदा, आत कोंडून घेऊन रडणाऱ्या पोरी दाखवते तुला.

मग येत का नाहीत? हां, आता विचारलंस. तुम्ही नगरपालिकेच्या लोकांनी काय केलं — गेल्या वर्षी भिंती लिंबू रंगाच्या केल्या, बसायला त्या दाण्यांनी भरलेल्या पिशव्या आणल्या. त्यात माणूस बसला की उठायला दोघं लागतात! सतरा वर्षांच्या पोराला पोटातलं सांगायचंय, आणि त्याचे गुडघे कानाला लागलेत. पण त्यामुळे नाही, ते आपलं मी उगाच. खरं कारण तिथे आहे, दारात. ती बुटांची फळी.

बघ ना नीट. दार एकच — दाताचे, म्हाताऱ्यांचे, लसवाले, सगळे तिथून येतात. बूट काढायचे ते त्याच फळीवर. त्यावर चिठ्ठ्या आहेत, दात, डॉक्टर, तरुण. ‘तरुण’ सगळ्यात वर, डोळ्यांसमोर! आणि हे गाव केवढं? चार हजार माणसं. कुठले बूट कुणाचे हे कुत्र्यालासुद्धा कळतं. हिरव्या नाडीचे दिसले की संध्याकाळपर्यंत दुकानात चर्चा — अमक्याची पोर तिथे गेली होती, काय झालंय तिला, दिवस तर नाहीत गेले? मग कोण येईल? मी नसते आले.

चिठ्ठ्या कुणी लावल्या? — कुणी म्हणजे... मीच. बर्फाचा काळा चिखल घेऊन आत शिरायची ती कार्टी, दिवसातून चारदा पुसायचे मी. ‘बूट इथेच काढा’ ही पाटीही माझीच. कुणी बूट घालून आत पाऊल टाकलं की इथून ओरडायचे, दाताच्या खुर्चीवरचा माणूस दचकायचा. फरशी चकाचक झाली हो. आरशासारखी. आणि पोरं संपली.

नाही, मलाही कळलं नव्हतं. एक दिवस पुसता पुसता वर बघते तर फळीवर टिंड्राचे बूट. टिंड्रा म्हणजे माझी मुलगी, एकोणीसची आता. डाव्या टाचेला मीच चिकटपट्टी लावून दिली होती, चुकणार कसे? आत जाऊन विचारलं नाही, तेवढी अक्कल होती. पण रात्री जेवताना, बटाटे वाढता वाढता — तिचा भाऊ समोर, बाप समोर — म्हटलं, काय गं, आज तिकडे कशाला गेली होतीस? हसत विचारलं होतं. खरंच हसत.

पुन्हा इथे आली नाही. बसने दोन तास लांब, लुलेओ शहरात जाते, दर मंगळवारी. तिथे तिचे बूट कुणी ओळखत नाही. कशासाठी जाते? मला काय माहीत. घरात फक्त हवापाण्याबद्दल बोलतो आम्ही.

म्हणून सांगते, कागदावर लिही — गरज आहे, दार चुकलंय. मागचं दार उघडा, कचऱ्याच्या डब्यांकडचं, किल्ली माझ्याकडेच असते. पाटी मी कालच काढली. येऊ देत बुटांसकट, चिखलासकट, फरशी पुसायला मी मेले नाहीये अजून. आणि गरज नाही हे शब्द खोड. माझ्यासमोर खोड. हं.

काय? — तिला सांगितलं का, की माझं चुकलं म्हणून?

तुझ्या कागदावर आहे का हा प्रश्न? नाही ना? मग कप ठेव तिथे आणि ऊठ. शाळा सुटायची वेळ झाली, तू इथे बसलेली दिसलीस तर येणारं एखादंही माघारी जाईल. जा, जा म्हटलं ना.