कुंडीतला बॉटलब्रश

आमच्या ह्यांची फौजेतली सवय तुम्हाला माहीतच आहे. झाड लावायचं ते कुंडीत, म्हणजे बदली झाली की ट्रकमध्ये चढवता येतं. रिटायर होऊन चंडीगडला राहिलो, तरी आमचा बॉटलब्रश कुंडीतच. का, तर आमचा मुलगा निखिल ऑस्ट्रेलियातून परत आला की सगळ्यांनी गावी, साताऱ्याला राहायला जायचं.

परवा निखिलचा व्हिडिओ कॉल आला. कॅनबेराला घर घेतलंय, अंगण मोठं आहे, पण थंडीत सकाळी गवतावर बर्फ असतो.

"बाबा, काय लावू?"

"बॉटलब्रश लाव," हे म्हणाले. "इथल्या थंडीत टिकलाय."

"नर्सरीवालाही तेच म्हणाला. मूळचा इकडचाच आहे तो."

"बघ. पण कुंडीत लाव. निघताना उचलून देता येतो कुणाला."

"बाबा, मी जमिनीतच लावतोय."

हे "बरं" म्हणाले आणि फोन माझ्याकडे दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कसलासा आवाज आला म्हणून बाहेर गेले. फाटकाजवळ खड्डा खणलेला, आणि हे हातोडीने कुंडी फोडत होते. मुळं आतल्या आत गोल फिरून गच्च झाली होती.

"आणि साताऱ्याचं?" मी विचारलं.

"पाणी आण," हे म्हणाले.